शाळेतली बीसी

आमच्या मोहल्ल्यात बीसी म्हणजे बायकांची भिशी. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेले पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम न्यायची आणि बाकीच्यांना घरी बोलावून चहा-फराळ द्यायचा. उत्तर नागपुरातल्या आमच्या गल्लीतली बीसी आई चालवायची. वडील लकडगंजला लाकूड कापायच्या आरामशीनवर होते. माझं बी.एड. बीसीच्या पैशावर झालं, असं आई येईल त्याला सांगायची, आणि ते खरंच होतं.

धरमपेठेतल्या एका शाळेत मला नोकरी लागली तेव्हा तिचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता. "तुह्या शाळेत बायकांची बीसी हाय का वं?"

होती. शिक्षकखोलीत तिच्या गप्पा माझ्यासमोरच चालायच्या. कोणाकडे काय खायला होतं, कोणाच्या सुनेनं चहा कसा पाणचट केला. मला कोणी ये म्हणालं नाही. वाटलं, मी नवीन आहे, विचारतील. मग माझ्या मागून चित्रकलेच्या बाई रुजू झाल्या आणि लगेच बीसीत दिसल्या.

त्याच शाळेत दुसरीही बी.सी. होती. मागासवर्गीय हा लांबलचक शब्द कोणी उच्चारत नसे. कार्यालयातून नोटीस यायची, 'बी.सी. विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीसाठी मधल्या सुट्टीत यावे', आणि ती मी वर्गात मोठ्यानं वाचायची. मग थोडी मुलं उभी राहायची आणि बाकीचा वर्ग माना वळवून त्यांच्याकडे पाहायचा. लहानपणी मीही अशीच उभी राहिले होते. शिक्षिका झाल्यावर हे सुटेल असं मला काहून वाटलं होतं, कोण जाणे. माझी ओळखच तशी करून दिली जायची. "या इतिहासाच्या बाई. बी.सी.च्या जागेवर आल्यात."

त्यात इतिहास विषय. इंग्रजी तुकडीसाठी फळ्यावर ख्रिस्तपूर्व काळाची ती दोन अक्षरं काढली की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. पोरांना त्यात चौकातली शिवी ऐकू यायची की मी, ते मला कधीच कळलं नाही. हसू थांबेपर्यंत मी खडू धरून उभी राहायची.

शेवटी मी नोटीस वाचणं बंद केलं. मुलांना व्हरांड्यात गाठून हळूच सांगायला लागले. ते मुख्याध्यापिकांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून विचारलं, "नोटीस वर्गात वाचायची असते. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही. मग बाकीच्यांच्याही जाती वाचते."

"तुम्ही फार मनाला लावून घेता हो," असं म्हणून त्यांनी फाईल उघडली. दुसऱ्या दिवसापासून नोटीस माझ्या हाती न देता शिपाईच वर्गात येऊन वाचायला लागला.

घरी आई पिच्छा सोडत नव्हती. "तुले काहून नाही घेत बीसीत? तू विचारलं का?"

"नाही."

"मंग त्यायले का सपन पडन?"

मी विचारलं. बीसी मराठीच्या बाईंकडे होती. त्या म्हणाल्या, "तुम्हाला लांब पडेल हो, संध्याकाळचं यायचं-जायचं."

"सायकल आहे माझ्याकडे."

"बघू. जागा झाली की सांगते."

जागा झाली. एका बाईंच्या नवऱ्याची खापरखेड्याच्या वीज केंद्रात बदली झाली आणि त्या तिकडच्या कॉलनीत राहायला गेल्या. आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं, म्हणून मला घेतलं.

हिवाळ्यात माझी चिठ्ठी निघाली. मराठीच्या बाई लगेच म्हणाल्या, "तुम्ही घरी कशाला त्रास घेता? इथेच समोसे मागवून टाका."

"बाकीच्यांच्या घरीच झालं ना? मग माझ्याही घरीच."

रविवारी आईनं पहाटे उठून अंगण सारवलं. शेजारून खुर्च्या आणल्या, कप आणले. वडिलांनी दाढी केली, बुद्धाची तसबीर पुसली आणि बायकांना अवघड वाटू नये म्हणून स्वतः बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. आईनं कोथिंबिरीचं सारण भरून टोपलंभर पुडाच्या वड्या तळल्या.

दोघी आल्या, चित्रकलेच्या बाई आणि गणिताच्या बाई. बाकीच्यांची वाट पाहून मी चहा ठेवला. गणिताच्या बाई म्हणाल्या, "मला काही नको हं. आज उपास आहे."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. आत गेली आणि दोन संत्री घेऊन आली. "मंग हे तं चालते ना बाई? साल तुमीच काढा."

गणिताच्या बाईंनी संत्री पर्समध्ये टाकली. चित्रकलेच्या बाईंनी मात्र वड्यांवर ताव मारला आणि सारणात खसखस किती घालता ते आईला विचारून घेतलं. आई हसून हसून सांगत होती. त्या गेल्यावर मी तिच्यावरच उखडले. "हसत काय होतीस एवढी?"

"मंग रडू? माह्या घरी पाव्हणे आले होते."

उरलेल्या वड्या खायला तिनं गल्लीतल्या बायकांना हाक मारली. मला त्यांच्यात बसवेना. न विटाळलेले कप मी शेजारी परत करायला गेले तर शेजारीण म्हणाली, "झाला का वं कार्यक्रम?" मी म्हटलं, झाला.

सोमवारी मराठीच्या बाई म्हणाल्या, "अहो, ऐन वेळी पाहुणे आले बघा."

"सगळ्यांकडेच आले का?" मी विचारलं.

पुढं ती फेरी संपेपर्यंत मी प्रत्येकीच्या घरी गेले. मराठीच्या बाईंच्याही. सोफ्यावर बसले, दिलं ते खाल्लं. गप्पा माझ्या डाव्या-उजव्या बाजूनं चालायच्या, मला वळसा घालून. घरी परतताना दर वेळी ठरवायची, आता नाही जायचं. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सायकल काढायची.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्यावर नवी फेरी सुरू झाली. मला ते चित्रकलेच्या बाईंकडून कळलं. "या वेळी मोजक्याच जणी आहेत," त्या ब्रश धुता धुता म्हणाल्या. "मला नाही म्हणता आलं नाही." एवढ्या वड्या खाल्लेल्या बाई होत्या त्या. त्यांना काय बोलणार?

आईला मी सांगितलं की शाळेतली बीसी बंद पडली.

"बंद पडली?" आई म्हणाली. "येवढ्या पगाराच्या बायका, अन् येक बीसी नाही चालवता येत त्यायले."