एक ते नऊ ओळीने

माझ्या नणंदेच्या हृदयाची झडप खराब झाली होती. अठ्ठ्याण्णव साली वन्संना ज्युनिअर कॉलेजातली गणिताची नोकरी सोडावी लागली आणि त्या मांडवीला आमच्याकडे राहायला आल्या. लग्न केलेलं नव्हतं. ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. दिवसभर खिडकीपाशी खाटेवर पडून असायच्या. त्यांना वास सोसत नाही म्हणून मी कोळंबी मागीलदारी बसून सोलायचे.

एकदा म्हणाल्या, "वहिनी, माझं एक काम कराल? एक ते नऊ आकडे ओळीने लिहा. बारा कोटी चौतीस लाख छप्पन हजार सातशे एकोणनव्वद. ह्याचे अवयव कोणते, असं वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं. सांगते म्हटलं नि पडले आजारी."

आकड्यांची बेरीज पंचेचाळीस, म्हणून नवाने भाग जातो, हे त्यांनी तोंडीच सांगितलं. उरले एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस.

"आता हे आणखी फुटतं का, ते बघायचं. एकेका मूळ संख्येने भागत जायचं, वर्गमुळापर्यंत. म्हणजे सदतीसशेच्या जरा पुढे. तोवर भाग गेला नाही, तर हीच मूळ संख्या."

त्यांचे हात थरथरायचे. त्या आपल्या गणिताच्या एका पुस्तकातल्या कोष्टकातून मूळ संख्या सांगायच्या, मी कॅल्क्युलेटरवर भागायचे. दर वेळी दशांशाचं शेपूट यायचं. "नाही गेला," मी म्हणायचे. त्या मान हलवायच्या. दुपारची भांडी आवरली की आम्ही बसायचो. कधी मधेच त्यांना झोप लागे.

दोन हजारांच्या पुढे गेल्यावर म्हणाल्या, "ही मूळच निघणार बघा."

तीन हजारांपर्यंत त्यांचे पाय सुजले होते. एक संख्या सांगायला दोनदा श्वास घ्यावा लागे. तीन हजार चारशे सत्तावन्न सांगून त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"पुढचं उद्या करू, वन्सं," मी म्हटलं.

पहाटे त्या गेल्या.

वर्षश्राद्ध झालं तरी त्यांची खाट मी हलवली नव्हती. एका दुपारी पुस्तक घेऊन तिथेच बसले आणि पुढे भागायला लागले. मूळच निघणार, असं धरून चालले होते. तीन हजार सहाशे सातने भागलं आणि समोर नुसतं ३८०३ उमटलं. पुढे काही नाही. पुन्हा भागलं. मग कागदावर गुणून पाहिलं. बरोबर होतं. अजून थोडे दिवस मिळाले असते, तर त्यांनाही हे कळलं असतं.

"भाग गेला," मी मोठ्याने म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी हे कामावरून आले, तेव्हा दारातच सांगितलं. बहिणीच्या आजारपणात ह्यांनी त्या खोलीत फारसं पाऊल टाकलं नव्हतं; बघवत नाही म्हणायचे.

"कुठल्या संख्या?" ह्यांनी विचारलं.

मी सांगितल्या. ह्यांनी पुन्हा एकदा म्हणायला लावल्या. मग पायातल्या चपला न काढताच त्या खोलीत जाऊन खाटेच्या कडेला बसले.