हेडमास्तरणीच्या घरातली दुपार

माझी लेक ज्या पाळणाघरात जाते, ते चालवणाऱ्या काकूंना आम्ही आया पाठीमागे हेडमास्तरीण म्हणतो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीला लागून पाळणे, खिडकीत वाळत घातलेली लाळेरी, आणि दुपारची झोप. त्या वेळी कुणी हूं की चूं करायचं नाही. दाराची घंटाही त्यांनी काढून टाकली आहे. काका, म्हणजे त्यांचे यजमान, शिंक आली तरी बाहेर जाऊन शिंकतात. मला ही शिस्त आवडायची. लेकीला सोडून कामावर जाताना जीव टांगणीला लागलेला असतो. निदान ती शांत झोपली असेल, एवढं तरी मनाला सांगता यायचं.

एका सकाळी मी लेकीच्या चपला काढत होते, तेव्हा एक तरुण बाई बाळाला कडेवर घेऊन दारात आली. ती ‘पलीकडची’ होती. सीमेपलीकडे दंगेधोपे सुरू झाल्यापासून ही माणसं आमच्या भागात राहायला आली आहेत. बायका बहुतेक शर्टांच्या कारखान्यात शिवायला जातात. आपली भाषा तिला मोडकीतोडकीच येत होती.

“जागा नाही,” तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत काकू म्हणाल्या.

“मग त्या कोपऱ्यातल्या पाळण्यात कोण झोपतं?” काका स्वयंपाकघरातून म्हणाले. “चादरींच्या घड्या?”

“तुम्ही दूध बघा, उतू जाईल.”

“कधीच गेलं. घड्यांना अंगाई म्हणायची असेल तर मोकळा आहे मी.”

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. “आठवडाभर ठेवून बघते,” त्या बाईला म्हणाल्या. “नाही जमलं तर तुमचं तुम्ही बघायचं.”

ती नुसती मान हलवत राहिली. फाटकाशी तिने मला तुटक शब्दांत सांगितलं, की मुकादम आता बाळाला कामावर आणू देत नाही. इथे जमलं नाही तर नोकरी गेलीच.

आणि जमेना. बाळ सकाळी छान खेळायचं. पण पडदे ओढले, घर चिडीचूप झालं, की असा टाहो फोडायचं की बाकीची पोरंही उठून सुरात सूर मिसळायची. काकूंनी मांडीवर घेतलं, थोपटलं, तळपाय चोळले. काही उपयोग नाही.

“ह्या लोकांत वळणच नसतं,” त्या मला म्हणाल्या. “पोराला झोपायची साधी सवय लावली नाही आईने.”

आठवडा संपत आला, त्या संध्याकाळी बाळाची आई न्यायला आलीच नाही. मी लेकीला घ्यायला गेले तर काकू बाळाला घेऊन निघालेल्याच. “मीच नेऊन देते आणि सांगून येते, उद्यापासून नको!” त्यांचे हात गुंतलेले, म्हणून बाळाची पिशवी मी घेतली. वाटभर काकू काय काय सुनवायचं ते पुटपुटत होत्या आणि बाळ त्यांच्या कानाशी रडत होतं.

कारखान्याचं दार उघडलं आणि यंत्रांचा धडधडाट अंगावरच आला. माझी लेक दचकून गळ्याला बिलगली. आत रांगाच रांगा, वाकलेल्या माना. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, आणि तशाच थांबल्या. बाळ त्यांच्या खांद्यावर सैल पडलं होतं. झोपलं होतं. ओठ उघडे, मूठ सुटलेली.

त्याची आई घाबरीघुबरी होऊन धावत आली. “काम वाढवलं… सोडत नाहीत… चुकलं, काकू.”

“हा इथे झोपायचा?” काकूंनी ओरडून विचारलं.

तिने आपल्या मशीनखालची जागा दाखवली. तिथे खोक्यात ती त्याला ठेवायची. मग काकूंच्या कानाशी येऊन म्हणाली, “तुमचं घर चांगलं. पण फार शांत. त्याला वाटतं, आई नाही.”

तिने हात पुढे केले. काकूंनी बाळ दिलं नाही.

“उठेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काम आटपा. मी बसते.” आणि कापडाच्या गठ्ठ्यावर टेकल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मागच्या खोलीतलं पायाचं मशीन पुसून पाळण्यांच्या खोलीत आणलं आणि दोरा न ओवताच चालवायला घेतलं. “बाकीची पोरं टकाटका बघत राहिली,” काका मला सांगत होते, “मग तीही झोपली. मीसुद्धा!”

पुढच्या आठवड्यात लेकीचं अंग मला गरम वाटलं, म्हणून मी दुपारीच तिला बघायला गेले. कपाळ थंडगार होतं. पण दारात पाळणाघरातल्या एका मुलीचे वडील उभे होते. त्यांच्या मुलीला काकूंनी दातही आले नव्हते तेव्हापासून सांभाळलं होतं.

“पलीकडच्यांचं पोर ठेवलंत म्हणे. मग आमची नाही येणार.”

“मीही असंच म्हणत होते,” काकू म्हणाल्या.

“मग आता काय झालं?”

“माझ्या खांद्यावर झोपला तो.”

त्यांनी मुलीचा हात धरला. काकूंनी मुलीची दुलई घडी करून दिली. “कुशीवर निजवा तिला. उताणी ठेवली तर दचकते.” ती मुलगी वळून वळून हात हलवत गेली. काकूंनी दार लावलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“येईल गं परत,” काका म्हणाले.

“येईल, नाहीतर नाही येणार.” काकूंनी बाहीने डोळे पुसले आणि पायाशी रांगत आलेल्या बाळाला उचललं. “तुम्ही पडदे ओढा. ह्याचे डोळे मिटायला लागलेत.”