डोंगरावर चूलबंद

गेल्या मे महिन्यात माझ्या साडूने मुलीचं लग्न डोंगरावर केलं. डोंगरावर म्हणजे कुलदेवतेच्या देवळात नव्हे, सापुताऱ्याच्या अलीकडे, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या एका रिसॉर्टमध्ये. साडू रावेरचा, केळीच्या धंद्यातला. मी धुळ्याचा, देवपुरातल्या एका शाळेत हेडक्लार्क. आम्हाला दिलेल्या बहिणी सख्ख्या, आणि त्यात मी मोठा जावई. मोठा जावई असणं हीच काय ती माझी इस्टेट.

बातमी कळली तेव्हा मी "छान केलं" म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत घरात कुणाशी बोललो नाही.

त्याचं असं, की आदल्याच वर्षी मी माझ्या मुलीचं लग्न देवपुरातल्या मंगल कार्यालयात लावलं होतं. एप्रिलचं धुळ्याचं ऊन. कूलर असे, की समोर बसणारा भिजायचा आणि बाकीचे वाळायचे. पण माणूस किती यावं? तिसऱ्या पंगतीला वरण-बट्टी संपली, चौथीला वरण-भात वाढला, तरी कुणी रुसलं नाही. व्याह्यांना मी स्वतः पत्रिकेने वारा घालत होतो. त्या लग्नाचा मला फार अभिमान होता. साडूच्या आमंत्रणाचा व्हिडिओ मोबाईलवर येईपर्यंत तो टिकला. व्हिडिओत ढगातून एक पालखी खाली उतरत होती. बायकोने तो चारदा पाहिला आणि म्हणाली, तिथे मे महिन्यातही स्वेटर लागतो म्हणे. स्वेटर हा शब्द तिने असा उच्चारला, जसा काही तो माहेराहून आलेला दागिना.

मग साडू स्वतः आमच्याकडे आला, यादी घेऊन. खोल्या मोजक्या म्हणून दर घरातली दोनच माणसं. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात आमच्या बायकांची मावशी असते. मुलं, सुना, नातवंडं, मोठं खटलं. तिच्या नावापुढेही दोनच लिहिलेलं.

"तिकडे तुम्हीच फोन करा, भाऊ," साडू म्हणाला. "तुमच्या शब्दाला मान आहे."

आता आमच्याकडच्या आवतनाची रीत सांगायला हवी. नुसती पत्रिका दिली तर घरातला एखादा येतो, जेवतो, जातो. जवळच्याला मात्र सांगायचं असतं, चूलबंद या. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटता कामा नये, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडे. चूलबंद सांगितलेलं घर एकट्या माणसाला पाठवत नाही. तो अपमान होतो, सांगणाऱ्याचा आणि स्वतःचाही.

मी मावशीला फोन लावला. ख्यालीखुशाली झाली, लग्नाचा दिवस सांगितला, गाव सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणालो, "चूलबंद यायचं बरं का, मावशी."

सवयीने निघून गेलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. पण फोन ठेवल्यावर लगेच पुन्हा लावता आला असता. मावशी तिथेच बसलेली असणार. मी मोबाईल चार्जिंगला लावला आणि भाजी आणायला गेलो. बाजारात वांगी निवडताना माझ्या डोळ्यांसमोर ती ढगातली पालखी येत होती, आणि पालखीच्या मागे मावशीचं सगळं खटलं.

रिसॉर्टवर पोचलो तर मला दरीकडची खोली. मोठा जावई ना. गॅलरीत उभं राहिलं की खाली नुसते ढग. खोलीत पंखाच नव्हता. मी पंख्याचं बटण शोधत राहिलो, तेव्हा कळलं की इथे लागतच नाही. धुळ्यात त्या दिवशी डांबर पाघळत असणार. सासरच्या यादीतून आलेली माझी मुलगी कठड्याशी उभी राहून फोटो काढत होती.

"किती छान ना, पप्पा," ती म्हणाली.

तो 'ना' माझ्या छातीत रुतून बसला. तिला असंच लग्न हवं होतं का, हे विचारायची हिंमत झाली नाही. हो म्हणाली असती तर?

संध्याकाळी हळदीच्या वेळी घाटातून एक क्रूझर गाडी वर आली. मावशी उतरली. मग तिची मुलं, सुना, नातवंडं, सुनेची आई. मी मोजत होतो, तेरा. सोबत बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, पत्र्याचा मोठा डबा. पुण्याची व्याहीमंडळी खुर्च्यांवरून बघत होती. मॅनेजर रजिस्टर घेऊन पुढे झाला आणि नावं विचारू लागला. साडू धावत आला. ज्या क्षणाची मी दोन आठवडे गुपचूप वाट पाहिली होती, तो हा. आणि तो आल्यावर मी दोन पावलं मागे सरकलो.

मावशी साडूला म्हणाली, "चूलबंदनं आवतन व्हतं ना भाऊ, मंग चूल बंद करीसन बठ्ठा उनूत." बठ्ठा उनूत, म्हणजे सगळेच्या सगळे आलोत.

साडूने मावशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तेवढ्यात त्याला सगळं कळलं. पुढच्या वाक्यात तो माझं नाव घेणार, म्हणून मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो.

तो वाकून मावशीच्या पाया पडला. "मीच सांगितलं होतं, मावशी," म्हणाला. "सगळेच हवेत."

मग मॅनेजरला बाजूला घेऊन त्याने स्वतःची खोली मावशीला दिली. सुना आणि पोरं खोलीविना राहिली. मी म्हणालो, माझी खोली घ्या. दुसरं काय म्हणणार होतो? माझ्या दरीवर त्या दोन दिवसांत लंगोट वाळत घातले गेले. मी आणि साडू हॉलच्या मागे, फुलांच्या रिकाम्या टोपल्यांच्या शेजारी गाद्या टाकून झोपलो.

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टच्या आचाऱ्याने बिबडे तळून दिले आणि विहीणबाईंनी ते मागून मागून खाल्ले. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला साडूकडे बोट दाखवून सांगत होती, एवढ्या मोठ्या ठिकाणी लग्न केलं, पण जावई माणसं विसरला नाही.

निघायच्या आधी साडू चहाचा कप घेऊन माझ्याजवळ बसला.

"मावशीच्या नावापुढे दोन लिहिताना माझाच हात अडला होता, भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही सांगून टाकलं, बरं झालं."

"आपण कधी माणसं मोजली का?" मी म्हणालो. चेहऱ्यावरची रेघही न हलवता.

घाट उतरताना मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, काकांनी शेवटी तुमच्यासारखंच केलं, पप्पा. मी हं म्हटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण धुळ्यापर्यंत ते पुरलं नाही.

आता शिरपूरपासून रावेरपर्यंत आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्या लग्नाचं नाव निघतं. डोंगरावर लग्न, आणि वर चूलबंद. कुणी कधी केलं होतं का, विचारतात. ते आवतन माझं होतं, हे ओठांवर येतं. पण बायको शेजारी असते, आणि तिने "का सांगितलं होतं?" एवढंच विचारलं तर मला उत्तर द्यावं लागेल. म्हणून मी मान हलवतो आणि म्हणतो, साडू मनाचा मोठा आहे.

ढग त्याचे होतेच. चूलबंदही त्याचंच झालं.