महाड, एक

माझी धाकटी बहीण कॉलेजला निघाली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त मीच घाबरले होते.

कॉलेज हा तिचा शब्द. महाडच्या कॉलेजच्या मागच्या अंगाला एका खोलीत बायकांचा शिवणवर्ग चालायचा, इतकंच. पण फाटक तेच होतं. बी.ए. होईपर्यंत मी रोज त्याच फाटकातून ये-जा केली होती, म्हणून तिच्या लेखी ते कॉलेजच. ती बुद्धीनं मंद होती. चौथीत पुन्हा पुन्हा बसली आणि शेवटी शाळेनं हात टेकले. अक्षर काही तिला लागलं नाही, पण हात फार सुबक. तिनं शिवलेली गोधडी बघून लोक विचारायचे, कुणी शिवली? नाव ऐकलं की गप्प व्हायचे. त्यांच्या त्या गप्प होण्याचा मला संताप यायचा.

शिवणवर्गाच्या बाई तिला घ्यायला तयार झाल्या त्या एका अटीवर. "ती एकटी येईल आणि एकटी जाईल. सोबतीला कुणी बसून राहणार असेल तर नको. महिनाभर बघते, नाही जमलं तर जागा दुसरीला देईन."

अट काही अवघड नव्हती. आमच्या नाते गावाहून महाड ते काय लांब! पण लहानपणी एकदा मार्चमध्ये चवदार तळ्यावरच्या गर्दीत तिचा हात आईच्या हातातून सुटला होता. सापडली तेव्हा ती एका अनोळखी कुटुंबात बसून मजेत चुरमुरे खात होती, आणि इकडे आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या दिवसापासून आमच्या वाडीबाहेर तिला कुणी एकटीला सोडलं नव्हतं.

मी नोकरीची वाट बघत घरीच होते. वर्ग दिवाळीनंतर सुरू व्हायचा होता, तोवर तिला तयार करायचं मी मनावर घेतलं. ओटीवर पाट मांडले, ती झाली एसटी. आई पॅसेंजर. मी कंडक्टर. तिकिटाच्या चिमट्याऐवजी माझ्या हातात अडकित्ता, तो कटकट वाजवत मी तिच्यापुढे उभी राहायची.

"कुठं?"

"महाड. एक."

"मोठ्यानं!"

"महाड! एक!"

आई वैतागायची. "अगो, ती महाडला जाऊन परत पन आली. तुझंच काय संपत नाय."

खरी पंचाईत परतीची होती. तिला पाटी वाचता यायची नाही. म्हणून मी सांगितलं, स्टँडवर खाकी कपडेवाल्यालाच विचारायचं, नाते जाणार का? महाडला नेऊन हे करून बघायचं ठरवलं, तर तिनं सायकलवरून चाललेला पोस्टमन अडवला. "नाते जाणार का?" तो बिचारा खरंच थांबला आणि म्हणाला, आज नाही, उद्या टपाल आहे. मला हसू आवरेना, पण लगेच ध्यानात आलं, खाकीत किती जण फिरतात! मग नियम सुधारला: गाडीच्या दारात उभ्या असलेल्या खाकीला विचारायचं. आणखी एक नियम मी रोज घोकून घेतला. बसायला जागा नसेल तर चढायचं नाही. उभ्यानं तिचा वळणावर तोल जायचा.

वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी तिला स्टॉपवर सोडलं आणि माझा धीरच सुटला. वाडीतल्या बायकांच्या घोळक्यातून मी मागून चढले, डोक्यावरून पदर ओढला आणि शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले. वर्ग सुटला की तशीच परत. असं मी तीनचार दिवस केलं. बाईंना कळलं तर जागा जाईल, ही धास्ती होतीच, पण घरी बसवत नव्हतं.

मग एका सकाळी कंडक्टर तिच्यापुढे आला. "महाड! एक!" ती खणखणीत म्हणाली. आणि मान वळवून पुढे म्हणाली, "मागं ताई हाय माझी, तोंड झाकून बसलीय ती. तिचं तिकीट तिच्याकडनं घ्या."

अख्खी गाडी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महाडला उतरल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हसत नव्हती.

"तू कॉलेजला जायचीस, तवा मी आले होते काय?"

नव्हती आली. रोज माझी पिशवी घेऊन स्टॉपपर्यंत यायची, आणि मी तिला तिथूनच माघारी पाठवायची. आल्या पावली मी परत फिरले.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. खिडकीतून तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. दुपार झाली तशी मी स्टॉपवर जाऊन उभी राहिले. जीव सारखा रस्त्याकडे लागलेला. तिची रोजची गाडी आली, माणसांनी खच्चून भरलेली. दोघंतिघं उतरले. ती त्यात नव्हती.

पाचाडहून महाडकडे जाणारी गाडी आली. कंडक्टरनं विचारलं, "येताय काय?" मी एक पाय पायरीवर ठेवला. गेले आणि बाईंनी मला शोधाशोध करताना पाहिलं, तर संपलंच. आणि ती वाटेत असली, इथं उतरली आणि मी नसले तर? मी पाय मागे घेतला. गाडी गेली आणि लगेच वाटलं, काय केलं मी हे!

तेवढ्यात आई आली. "आली नाय?"

"नाही."

"मंग तू गेली का नाय गो?" आई रडवेली झाली होती. आम्ही दोघी तिथेच दगडावर टेकलो. तळ्यावरची ती गर्दी आईच्या डोळ्यांपुढे आली असणार, कारण ती सारखी आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती. मी मनातल्या मनात पोस्टमनपासून पोलिसापर्यंत सगळ्या खाकीवाल्यांना शिव्या घालत होते.

दिवस कलला तेव्हा पुढची गाडी आली. दार उघडलं. दांडा घट्ट धरून, डबा छातीशी घेऊन, ती एकएक पायरी उतरली.

"कुठं होतीस तू?" मी केवढ्यानं तरी ओरडले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गाडी भरलेली होती. जागा नसली तर चढू नको, तूच बोललीस."

बोलले होते. अडकित्ता वाजवून वाजवून बोलले होते. मी तिथेच, रस्त्यावर, चारचौघांत रडायला लागले. आई तिच्या पाठीवरून, डोक्यावरून हात फिरवत राहिली.

बहिणीनं मला थोडं रडू दिलं. मग विचारलं, "तू कवापासनं हायस इथं?"

"दुपारपासून."

"जेवलीस?"

मी मान हलवली. नाही.

ती जरा विचारात पडली. मी तिला धडे देताना जसा चेहरा करायची, अगदी तसाच तिनं केला.

"उद्या यायचं तर ये स्टॉपवर," ती म्हणाली. "पन जेवून ये."