लाकडी माशाचे दात

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा आठवीतच सुटली, शब्दही साधेच येतात. पण आमच्या पांढरकवड्याच्या पॉलिशच्या दुकानात किस्से लाकडाच्या भुशासारखे साचतात. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच.

दुकान रफिकचाचांचं, मी त्यांच्या हाताखाली, काम पलंग-कपाटांचं. एक दिवस एसटीचे रिटायर ड्रायव्हर गजाननकाका बोटाएवढा लाकडी मासा घेऊन आले. याच्या पोटाखाली गळ असतात. पाण्यात फेकला की खरा मासा भुलून चावतो. रंग पार उडालेला.

चाचांनी तो उलटासुलटा पाहिला. "काका, याचा पलंग कुठंय?"

*

चाचांनी सवयीनं पलंगाला मारतात ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश मारलं. आरशासारखं चमकलं! पण हे पॉलिश पाणी लागलं की पांढरं पडतं. तळ्यात गेल्यावर मासा पांढराफटक.

काका परत आले. "चाचा, तळ्यातले मासे पळून राह्यले ना! त्यायले वाटते भूत आलं!"

तेव्हापासून आम्ही गाड्यांवर मारतात तो लॅकर वापरतो.

*

माशाच्या डोळ्यांना लाल नेलपॉलिश लागतं. ते आणायला मी बांगड्यांच्या दुकानात. बायकांशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो.

दुकानवाल्या ताईंनी हसून विचारलं, "गोरी आहे का सावळी?"

मी खाली मान घालून खरं ते सांगितलं, "पाठ हिरवी, पोट पांढरं."

*

मग काकांच्या गळाला मोठी मरळ लागली आणि सुटली. चहाच्या टपरीवर कोणी मानेना. "काका, फेका, पण झेपन तेवढंच!"

पुरावा एकच, लाकडी माशाच्या पोटावर उमटलेले तिचे दात. काकांनी तो आमच्याकडे दिला. "रंग नवा मारा, पण दातायले हात लावू नका. उद्या टपरीवर दाखवतो एकेकाले!"

पण चाचांचा हात! खड्डा दिसला की पुट्टी भरणारच. मी चहा घेऊन आलो तोवर पोट गुळगुळीत.

"या अल्ला!" चाचा पुट्टीकडे बघत राहिले. अजून ओली होती. मग माझ्याकडे बघितलं. "बेटा, मेरे तो नकली हैं. तुझे अस्सल आहेत ना?"

गळ काढून ठेवलेले होते. मी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी माशावरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"चाचा," काका म्हणाले, "मरळ केवढी ते मीच कमी सांगून राह्यलो होतो!"

टपरीवर त्या दिवशी कोणी हसलं नाही. संध्याकाळी तिथलेच दोघं आपापले लाकडी मासे घेऊन गुपचूप आले. "नुसता रंग नको चाचा. काकाच्या माशावानी करून द्या."

चाचांनी दोन्ही ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा जास्तच वेळ दात घासले आणि दुकान उघडलं.