हायसा न्हवं?

अव्वाला मी वळसंगहून जुळे सोलापुरात आणलं ते हट्टानं. वडील गेले, तिचे गुडघे गेले, आणि गावातलं घर चुलत्यांच्या पोरांनी खोली खोली करत व्यापलं. मी एकटी, नोकरीवाली, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. म्हटलं, राहू मायलेकी सुखानं. कसलं सुख अन् कसलं काय.

पहिल्याच आठवड्यात तिनं गावाकडून उखळ मागवलं. शेंगाचटणी मिक्सरात केली तर ती तिला चटणी वाटतच नाही, भुकटी वाटते. मुसळ पडलं की खालच्या बाई वर हजर. "काकू, आमच्या भिंती हादरतात हो." अव्वानं उखळाखाली वाकळ घातली, वाकळीखाली पोतं घातलं, तरी बाई यायच्याच.

मला वरचा नळ, बाजूचा टीव्ही, खालच्या बाई, सगळ्याच आवाजांचा वीट आला होता. अव्वाला मात्र त्यांचाच आधार. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या टाक्यांशिवाय काही दिसायचं नाही, मग ती दिवसभर कान लावून बसायची. आमच्या बरोबर वर एक निवृत्त मास्तर एकटेच राहायचे. त्यांची काठी वाजायला लागली की म्हणायची, "मास्तर उठले. च्या ठेव आता."

एकदा सकाळी म्हणाली, "आज काठी वाजली न्हाई की गं. वर जाऊन बघतीस का?"

मी डबा भरत होते, उशीर झाला होता. फाटकन बोलले, "तू काय राखणदार आहेस का त्यांची? गेले असतील लेकाकडे. इथं कुणाच्या दारात उगाच जायचं नसतं."

दुपारी तिनं चटणी कुटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांच्या लेकानं पुण्याहून येऊन दार उघडलं. मास्तर आदल्या दिवशी पहाटेच गेले होते.

आमच्या गावात गल्लीत मढं असलं की ते उचलेपर्यंत कुणाच्या घरी चूल पेटत नाही. लेकरांनासुद्धा चुरमुऱ्यावर ठेवतात. अव्वानं कपाळावर हात मारून घेतला. "डोक्यावर मढं, अन् मी खाली शेंगा कुटत हुते. जेवले बी. पोटभर जेवले." दोन दिवस तिनं तोंडात घास घेतला नाही. मी रागावले, हात जोडले, शेवटी तिच्यासमोर बसून रडले. चूक माझी, अन् उपाशी ती. मला बघवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठली, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर पडली. एकेका दाराची बेल वाजवायची, दार उघडलं की विचारायचं, "हायसा न्हवं?" समोरच्यानं हो म्हटलं की पुढच्या दाराला. गुडघ्यावर हात ठेवत सगळे मजले. मग रोजच सुरू झालं.

पहिल्या दिवशी लोक हसले, एका घरी चहासुद्धा मिळाला. चौथ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजांची रांग लागली. आज्जींना आवरा. डॉक्टरला दाखवा. सकाळी सकाळी मेलात का म्हणून विचारल्यासारखं वाटतं. एकानं तर अपशकुन असा शब्द लिहिला. माझं डोकंच सटकलं. शेजारी माणूस मेलेलं दोन दिवस कळत नाही, तो कुठला शकुन, एवढं लिहिलं आणि ग्रुप सोडला. लई बरं वाटलं, दोन मिनिटं.

राग मात्र काढला तो तिच्यावरच. "उद्यापासून कुणाची बेल वाजवायची नाही. दार लावून घरात बसायचं."

"अन् मी पडले बिडले तर?"

"फोन आहे की तुझ्याजवळ. मी करते ना दुपारी."

"बरं," म्हणाली. तिचं ते बरं मला आवडलं नाही, तरी मी विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून फोन केला. उचलला नाही. परत केला. सात-आठ वेळा केला. खालच्या बाईंना विचारावं म्हटलं, तर त्यांचा नंबर नाही. बाजूच्यांचाही नाही. सगळे नंबर त्या ग्रुपात, आणि ग्रुप मी तोऱ्यात सोडलेला. तीन वर्षं राहते तिथं, आणि जरा आमच्या दाराची बेल वाजवा हो, असं म्हणायला मला एक माणूस नाही. साहेबांना न सांगता स्कूटी काढली. सात रस्त्याला सिग्नलवर उभी राहून सिद्धेश्वराला म्हणाले, एवढ्या वेळी वाचव, मग मी स्वतः तिच्याबरोबर दारोदार फिरते.

घाईत आधी स्कूटीचीच किल्ली कुलपात घातली. दार उघडलं. अव्वा पलंगावर ताठ बसली होती, फोन मांडीवर.

"अव्वा, फोन वाजला नाही का?"

"वाजला की. लई येळा वाजला."

"मग उचलला का नाहीस?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "म्हटलं बघावं, मी गेल्यावर तुला यायला किती येळ लागतोय. पाऊण तास लागला."