यमूची निवड

माझ्या मेव्हण्याने मला फसवले. तो महाडच्या शाळेत मास्तर, मी भाताचा व्यापारी. म्हणजे कुणी कुणाला फसवायचे, तेसुद्धा उलटेच झाले!

त्या काळी मुलगी दाखवताना तिला कविता म्हणायला लावत. माझ्या यमूसाठी मी पोलादपूरच्या सखारामशेठचा एकुलता एक मुलगा हेरला होता. चालते दुकान, आणि सकाळी गाडी जुंपली की दुपारी लेकीच्या हातचे जेवण! मला आणखी काय हवे होते?

मेव्हण्याने तिला दोन जुन्या कविता शिकवल्या. एकीत हरिणी कळप सोडून एकटी रानात जाते, दुसरीत वेल आंब्याला बिलगते.

"वेलीचीच म्हण," मी बजावले. "हरिणीचं नाव काढलंस तर बघ!"

यमूने वेल इतकी गोड म्हटली की सखारामशेठ डोलू लागले. मनातल्या मनात मी मांडवाचे बांबूही ठरवून टाकले (घासाघीस करून!).

तेवढ्यात शेठनी विचारले, "पोरीची निवड कशी हाय?"

आमच्या धंद्यात निवड म्हणजे तांदळातले खडे वेचणे. मी छाती फुगवली. "एकदम चोख! खोट काढून दाखवा!"

यमू मात्र अजून कवितेतच होती. "कुणाची निवड? हरिणीची की वेलीची?"

"आँ?" शेठ म्हणाले.

"लोक म्हणतात हरिणी मनाची राणी, वेल बिचारी. पण हरिणीला तहानेनं ओढत नेलं, तिनं कुठं काय निवडलं? वेलीनं बाभूळ सोडली, साग सोडला, आंबाच धरला. खरी निवड तिची."

"वा!" मेव्हणा ओरडला. (त्याला आधीच परसात बसवायला हवे होते!)

"शेठ, ती तांदळाचंच सांगतेय!" मी म्हणालो.

"मग आंबा कोण?" शेठशेजारी बसलेला नवरामुलगा बोलला.

"ते बघून ठरवायचं," यमू म्हणाली. "तुम्ही पुढं काय करणार?"

"मुंबईला छापखान्यात जाणार. मला दुकान नको."

सखारामशेठ ताडकन उठले. "तुमच्या पोरीनं माझा पोरगा बिघडवला!"

"माझ्या पोरीनं? तुमच्याच मालात खडा निघाला!"

दाराआडून बायको म्हणाली, "गप ऱ्हावा दोघंबी! पोरं हसतायत, दिसत नाय काय?"

दिसत होते. म्हणून तर मी जास्त चिडलो!

पोरांपुढे आम्हा दोघा बापांचे काही चालले नाही, लग्न झाले. दासगावच्या धक्क्यावरून मुंबईला निघालेल्या यमूची होडी सुटली, तेव्हा मी विनाकारण हमालांवर खेकसत होतो. होडी वळणाआड गेली आणि मेव्हणा म्हणाला, "दाजी, पोरीनं अर्थ काय सुरेख लावला!"

आता त्या दोन्ही कविता मला पाठ आहेत. भात घ्यायला येणाऱ्यांना मी त्या म्हणून दाखवतो, म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या वखारीत जाते. हरिणी गेली, वेल चढली. मागे राहिलेल्या बापाने दुपारी कुणाकडे जेवायचे, यावर दोन्हींत एक ओळ नाही! का नाही? मास्तर, कवीकडे बोट दाखवू नका. शिकवलेत तुम्ही, उत्तर तुम्ही द्या!